खरवईतली कान-ड्युटी

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. एखाद्या शुक्रवारी एकजण गाढवपणा करतो, बाकीचे त्याला पुढचे कित्येक शुक्रवार तो ऐकवतात, आणि तोवर दुसऱ्याने नवीन करून ठेवलेला असतो! आमच्याकडे असे बरेच साठलेत. फरक इतकाच की घडताना यातल्या एकालाही आम्ही हसलो नव्हतो. तेव्हा पाचावर धारण बसलेली होती.

आम्ही चौघं अंबरनाथच्या एमआयडीसीत एकाच कंपनीत. मी बुवापाड्याचा, संदेश चामटोलीचा, जग्गू उल्हासनगरचा सिंधी आणि नित्या खरवईच्या नवीन बिल्डिंगमधला. सुट्टी शुक्रवारची. दुपारी नित्याच्या हॉलमध्ये त्याच्या सेकंडहँड गेम कन्सोलवर फुटबॉल खेळायचा, हे ठरलेलं. आम्ही बोंबलायचो आणि आतल्या खोलीत नित्याची आई, म्हणजे आमच्या काकू, खुशाल झोपलेल्या असायच्या.

मग काकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टरांनी बजावलं, "घरात शांतता ठेवा. त्यांना दचकवू नका. आणि झोप झालीच पाहिजे."

शांतता ठेवली, पण झोप येईना. काकू दुपारभर छताकडे टक्क बघत पडायच्या. नित्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, शुक्रवारी कामावर, त्यामुळे आईपाशी नित्या एकटाच. आम्ही पुन्हा येऊ का विचारलं, तेव्हा त्याचा चेहरा बघवला नाही. म्हणाला, "या रे. नाहीतर मी वेडा होईन."

वहिनींनीही हो म्हटलं, पण दारातच सांगितलं, "आईंना त्रास झाला तर तो गेमचा डबा गॅलरीतून खाली टाकेन. आणि मागोमाग तुम्हाला!"

*

पहिल्या शुक्रवारी आम्ही टीव्ही म्यूट करून खेळलो. आवाजाशिवाय मॅच म्हणजे मिठाशिवाय वरण. रेफ्रीने शिट्टी कधी मारली तेच कळेना. संदेश एकटाच बॉल घेऊन पळत सुटला आणि कुजबुजत म्हणाला, "आरं, हे समदे थांबलेत कशाला?"

तरी एक गोल त्याने मारलाच. मग तोंडात सोफ्याची उशी कोंबून हॉलभर नाचला. नाचता नाचता टीपॉय लाथाडला, वरचा पितळी फ्लॉवरपॉट खाली!

आम्ही चौघं आत धावलो. काकूंचे डोळे उघडे. नित्याने त्यांची नाडी बघितली, मी नित्याची.

*

तेव्हा ठरलं, हेडफोन लावायचे. पण टीव्हीला हेडफोनचं भोक नाही, कन्सोलच्या जुन्या कंट्रोलरला नाही. कन्सोलमधून टीव्हीला एकच एचडीएमआय वायर जाते, चित्र आणि आवाज दोन्ही त्यातूनच. आम्हाला त्यातला फक्त आवाज वेगळा हवा होता.

उल्हासनगरात जग्गूच्या मामाचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे. त्यांना दुखणं सांगून पुरतं व्हायच्या आत एक डबी काउंटरवर आली. "साईं, एकदम बढिया पीस! डोळे झाकून घेऊन जा."

आम्ही खरंच डोळे झाकून नेली. घरी जोडली तर तिला एचडीएमआयची दोन भोकं, आवाजाचं एकही नाही. एकच चित्र दोन टीव्हींवर दाखवायची डबी होती ती!

परत गेलो. मामा जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, "तो क्या हुआ? दुसरा टीव्ही पण दाखवू का?"

*

दुसरी डबी मात्र बरोबर निघाली. कन्सोलची वायर तिच्यात, तिच्यातून वायर टीव्हीला, आणि बाजूला हेडफोनचं भोक. नित्याने हेडफोन लावला आणि त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "अरे, पब्लिकचा आवाज येतोय!"

मी आणि जग्गूने पण आळीपाळीने लावून बघितला. कानावरून काढला तरी आवाज येतच होता; आम्हाला वाटलं, हेडफोनच दणकट! अंगठे दाखवले आणि तो नित्याला परत दिला. संदेश मात्र काकूंच्या दारात उभा राहून जोरजोरात हात हलवत होता. आम्हाला वाटलं, त्यालाही आनंद झालाय. आम्हीही हात हलवले.

शेवटी त्याने येऊन नित्याच्या कानावरचा हेडफोन ओढला. सेटिंग करताना टीव्हीचं म्यूट निघालं होतं, आणि स्टेडियम अख्ख्या घरात घुमत होतं!

जग्गूने मामांना फोन लावला. मामा शांतपणे म्हणाले, "डबी आवाज काढून घेत नाही, साईं. आवाजाची झेरॉक्स काढते. ओरिजिनल टीव्हीला जाणारच. टीव्ही म्यूटच ठेवायचा!"

आत काकूंचे डोळे उघडे, आमच्याकडेच लागलेले. आम्ही मान खाली घालून बाहेर आलो.

*

मग एका भोकाची चार भोकं करणारा जॉइंटर लावून चौघांना चार हेडफोन केले. घर कसं देवळासारखं शांत, असं आम्हाला वाटलं. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे आजोबा वर आले. टीव्हीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "टीव्ही तर मुका आहे. मग शिवीगाळ कोण करतंय?"

हेडफोन लावला की आपण किती जोरात बोलतोय ते आपल्याला कळत नाही, हे तेव्हा समजलं. त्यानंतर बोलायचंच नाही असं ठरलं. फक्त खाणाखुणा. संदेशच्या खुणा शिव्यांपेक्षा वाईट होत्या, पण त्यांना आवाज नव्हता.

*

एका शुक्रवारी माझ्या कानातला आवाज अचानक गेला. खेळत असताना, काहीही न करता! मी मुळातच घाबरट. त्यात काकूंचं ताजं. मला वाटलं, झालं, मलाही झटका आला.

मी गुपचूप उठलो, बाथरूमच्या आरशात तोंड वाकडं झालंय का बघितलं, दोन्ही हात वर करून बघितले, स्वतःचं नाव म्हणून बघितलं. बाहेर आलो तर तिघंही हात वर करून बसलेले!

आवाज सगळ्यांचाच गेला होता. कन्सोल अपडेट झाला, त्यात आवाजाचं सेटिंग बदललं आणि ते डबीला झेपेना. जग्गूने सेटिंग पुन्हा साध्या स्टिरिओवर आणलं, चौघांचे कान परत आले.

*

याच्या पुढचा किस्सा आम्ही कुणाला सांगत नाही.

काकूंना काही हवं असलं की त्या डाव्या हाताने स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायच्या. त्या दिवशी मॅच संपली, आम्ही हेडफोन काढले, तर आतून चमचा वाजत होता. अगदी हळू, दमल्यासारखा. किती वेळ वाजवत होत्या कोण जाणे. पेला रिकामा होता, ओठ सुकले होते.

नित्याने त्यांना पाणी पाजलं. मग बाहेर येऊन कन्सोलच्या वायरी उपटायला लागला. "बंद. आईची हाक ऐकू येत नाही, असला खेळ नको मला." तो रडत होता. आम्हीही काही फार वेगळ्या अवस्थेत नव्हतो.

त्यातून कान-ड्युटी निघाली. तिघांनी हेडफोन लावायचे, चौथ्याने काकूंच्या दाराशी स्टुलावर बसून नुसतं ऐकायचं. नित्या कसाबसा तयार झाला. म्हणाला, "पण पुन्हा एकदा जरी असं झालं, तर शुक्रवार कायमचा बंद."

*

पहिली ड्युटी संदेशची. घरात पिन पडेल तर ऐकू यावी इतकी शांतता. हेडफोन काढून बघतो तर संदेश स्टुलावर घोरतोय, आणि काकू पलंगावरून त्याच्याकडे टक लावून बघताहेत! नशीब, चमचा वाजवला नव्हता. जग्गू कपाळावर हात मारून म्हणाला, "जिसको सोना है वो जाग रही है, जिसको जागना है वो सो गया!"

*

मग माझी ड्युटी आली. मी जागाच होतो, मला कुठली झोप! चमचा वाजला. आत गेलो. पाणी? मानेनेच नाही. पंखा? नाही. नित्याला बोलावलं. बाथरूम? दुखतंय? नाही, नाही. आणि चमचा थांबेना. काकू हॉलकडे बघत वाजवतच होत्या. नित्याचा चेहरा पांढराफटक. जग्गू डॉक्टरांचा नंबर शोधायला लागला.

"पहिला तो टीव्ही बंद कर!" नित्या ओरडला. संदेशने घाबरून रिमोटवर मिळेल ते बटण दाबलं. नेमकं म्यूट निघालं. जुन्या शुक्रवारांचा तो दणदणीत आवाज, जसाच्या तसा!

चमचा थांबला.

संदेशने घाईघाईने पुन्हा म्यूट केलं. चमचा सुरू! म्यूट काढलं. चमचा बंद.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. काकूंनी चमचा उशीखाली सरकवला आणि डोळे मिटले. आम्ही चौघं पलंगाभोवती उभे, चादर वरखाली होतेय की नाही ते बघत. मग बारीकसं घोरणं ऐकू आलं.

बाहेर स्टेडियम गर्जत होतं. नित्या आईच्या पायाशी बसून राहिला. जग्गू त्याच्या कानाशी जाऊन पुटपुटला, "थोडा आवाज कम करूं?"

काकूंनी डोळे न उघडताच हात उशीखाली, चमच्याकडे नेला.