हिंदुरावांचं नाक

चाकणजवळच्या महाळुंग्यात हिंदुरावांच्या नाकाला मान होता. कांदा साठवणीच्या चाळीत भरला की ते रोज सकाळी चाळीला फेरी मारत, मध्येच थांबत आणि म्हणत, "हितं उकरा." उकरलं की तिथं सडका कांदा निघायचाच. एक सडला की शेजारचे सडायला कितीसा वेळ लागतो? म्हणून भावकीतले लोक आग्रहानं त्यांना आपापल्या चाळीवर नेत. निम्मी जमीन कारखान्यात गेली, हिंदुराव एका कंपनीत रंगाच्या खात्यात लागले, तरी हा मान कायम होता. माणसाला कशाचा गर्व असावा याला काही धरबंध नाही. यांना नाकाचा होता.

मागच्या साली मात्र त्यांच्या घरचीच अर्धी चाळ नासली. फेरी रोजची चालू होती आणि रोज ते "काय न्हाई, ठीक हाय" असंच सांगत होते. खालून पाणी गळायला लागलं तेव्हा कळलं. हिंदुरावांनी हवेला दोष दिला, बियाण्याला दिला, चाळ भरणाऱ्या पुतण्याला, पिंटूला, तर चारचौघांत नाही नाही ते बोलले. बायको अंबुबाई तेव्हा एक शब्द बोलली नाही.

त्यानंतर कंपनीत थिनरमध्ये काम करणाऱ्यांची नाकं तपासायला संत तुकाराम नगरच्या दवाखान्यातून डॉक्टर उत्कर्षा आल्या. त्यांची पेटी परदेशी होती. कांडी हुंगायची आणि चार नावांतलं एक निवडायचं. देवदार, लव्हेंडर, पीच असली नावं! हिंदुरावांची जवळजवळ सगळी उत्तरं चुकली. थिनरनं नाक मंदावतं, डॉक्टर म्हणाल्या, पण कधीकधी वास जाणं ही कंपवाताची पहिली खूण असते. घरात कुणाला होता का?

"न्हाई," हिंदुराव म्हणाले. त्यांचे वडील मारुतराव, घरातले आबा, कंपवातानंच गेले होते. शेवटची वर्षं त्यांना घासही भरवावा लागे. ते सगळं हिंदुरावांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं.

पण खात्यातल्या बाकीच्यांचीही बरीच उत्तरं चुकली होती, आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांची हसून हसून पुरेवाट झाली. जे जन्मात हुंगलं नाही ते ओळखायचं कसं? डॉक्टरांनाही ते पटलं. इथल्या माणसांसाठी इथल्याच वासांची पेटी करायची त्यांनी ठरवलं, आणि घरोघरी ठाऊक असलेले वास कोणते ते याच मंडळींना विचारलं. हिंदुराव असे खुलले की विचारू नका. हिंग, रॉकेल, कापूर, भाजलेले शेंगदाणे, शेणानं सारवलेली जमीन. "आन सडका कांदा घालाच, म्याडम. त्यो चाकणात कुनी चुकला तर त्याला हितला म्हनू नका."

पेटी तयार झाल्यावर ते अंबुबाईला घेऊन दवाखान्यात गेले. गेला महिनाभर ते रजेवरच होते, म्हणजे थिनरचं निमित्तही राहिलं नव्हतं. पहिली बाटली हुंगली. काहीच आलं नाही. दुसरी, तिसरी. नुसती हवा. कापूर तेवढा बरोबर आला, पण तो नाकाला गार लागतो म्हणून कळतो, असं डॉक्टर हळूच म्हणाल्या. पुढची बाटली उघडली तशी भिंतीकडे बसलेल्या अंबुबाईनं पदर नाकाला लावला. हिंदुरावांनी ते पाहिलं.

"सडका कांदा," ते म्हणाले.

डॉक्टरांनीही ते पाहिलं होतं. त्यांनी बाटली बंद केली आणि विचारलं, "झोपेत हातपाय झाडता का?"

"न्हाई."

"झाडतात," अंबुबाई म्हणाली. "लाथ बसती, वरडत्यात. मी कवाची खाली निजते. आन ह्यांच्या वडलांना कंपवात व्हता, म्याडम."

पुढच्या तपासण्या लिहून घेऊन दोघं बाहेर बाकावर बसली. हिंदुरावांना पिंटूची आठवण झाली आणि फार लाज वाटली.

"तुला ठावं व्हतं?" त्यांनी विचारलं.

"चाळ नासली तवाच वळखलं. मामंजी बी झोपंत असंच करायचे."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलून काय नाक परत आलं असतं?"

हिंदुरावांनी तपासण्यांचा कागद घडी घालून खिशात ठेवला. मग हिंदुराव म्हणाले, "आबांचं समदं तूच केलंस. माझं बी करशील."

अंबुबाईनं आपल्या हातांकडे पाहिलं. "मामंजींना मी उचलून न्हानीत न्यायची. तवा अंगात बळ व्हतं," ती म्हणाली. "तुमाला न्हाई उचलवायचं माझ्यानं."

ती रागानं बोलली असती तर हिंदुरावांना बरं वाटलं असतं.