न आलेल्या कंपनीला दिलेला नकार

नृसिंह पुजारी लग्नाचे व्हिडिओ काढायचा. पण कोल्हापुरातल्या चित्रपटवेड्या मंडळींत त्याची ओळख वेगळीच होती, कंपनीला नाही म्हणणारा माणूस अशी. बारा वर्षांपूर्वी त्यानं शिरोली एमआयडीसीत लोखंड ओतणाऱ्या कामगारांवर ‘चौदाशे अंश’ नावाचा तासाभराचा चित्रपट केला होता. त्या वेळी एका मोठ्या कारखान्यानं सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली, अट एवढीच की उघड्या हातांनी काम करणारा कामगार पडद्यावर दिसता कामा नये. आणि नृसिंह समोरचा चहा तसाच ठेवून तडक बाहेर पडला, असं तो सांगायचा. फिल्म क्लबच्या पोरांना ही गोष्ट तोंडपाठ होती. नवा कुणी आला की जुने म्हणायचे, “सर, ते सांगा की.” मग सर आढेवेढे घेऊन सांगायचे.

खरं असं होतं की त्याला कुणी विचारलंच नव्हतं. चित्रपटाची फाईल घेऊन तो तीन कारखान्यांत गेला होता. पहिल्या ठिकाणी फाटकावरूनच परत पाठवलं. दुसरीकडे फाईल ठेवून घेतली. तिसरीकडे दोन तास बसवलं आणि साहेब बाहेर गेलेत म्हणून सांगितलं. पुढचे सहा महिने फोनची वाट बघण्यात गेले. शेवटी त्यानं एकट्यानंच रविवारी रविवारी चित्रीकरण करून चित्रपट पुरा केला. तो चार ठिकाणी दाखवला गेला आणि विसरला गेला. मेहुण्यानं एकदा विचारलं, “एखादी कंपनी नव्हती का बघायची?” तेव्हा लाज राखायला तो म्हणून गेला, आलेली, मीच नको म्हटलं. मग गोष्ट वाढत गेली. उघड्या हातांची अट दुसऱ्या वर्षी आली, चहाचा कप तर चौथ्या वर्षी. हळूहळू त्याचा त्यालाही तो कप दिसायला लागला होता.

राजारामपुरीतल्या त्याच्या स्टुडिओत तेजस्वी देसाई तीन वर्षं काम शिकली. आजऱ्याच्या बाजूची, शेतकरी घरातली मुलगी. अंगानं बारीक, पण लग्नाच्या गर्दीत कोपरानं वाट काढत बरोबर जागा पकडायची. नृसिंहचा तिच्यावर जीव होता. ती आपल्यापेक्षा चांगली फ्रेम लावते हे त्याला पहिल्याच वर्षी कळलं होतं, आणि तेव्हा त्याचा अभिमानच वाटला होता. कारण ती अजून कुणाला माहीत नव्हती.

मग एक दिवस ती पेढे घेऊन आली. आजऱ्याकडच्या वाडीवस्तीवर अंबूबाई नावाची एक म्हातारी होती. म्हैस अडली, रेडकू आडवं आलं, की लोक डॉक्टरच्या आधी तिला बोलवायचे. तिच्यावर तेजस्वीला चित्रपट करायचा होता. जनावरांचं खाद्य बनवणारी एक कंपनी त्याला पैसा द्यायला तयार झाली होती. कॅमेरा, ध्वनी, वर्षभराचं चित्रीकरण, सगळं.

“त्यांनी बोलावलं तुला?” नृसिंहनं विचारलं.

“मी मेल केलता सर. तिसऱ्या दिवशी फोन आला.”

तिसऱ्या दिवशी. नृसिंहनं पेढा तोंडात टाकला. तोंडदेखलं अभिनंदन करून त्यानं तिला सांगितलं की जपून, पैसा देणारा माणूस आज ना उद्या कात्री घेऊन येतोच. तेजस्वी म्हणाली, म्हणून तर संकलन तुम्हीच करायचं. तुमच्याएवढा खमक्या माणूस मला दुसरा माहीत नाही.

रात्रीच्या जेवणावर त्यानं हे मीनाक्षीला सांगितलं. मीनाक्षी शाळेत गणित शिकवायची आणि घरातही उत्तराआधी रीत विचारायची. कंपनीच्या पैशातून कला होत नाही, जाहिरात होते, असं तो बराच वेळ बोलत राहिला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अहो, तत्त्वाचं दुखणं असतं ते डोक्यात. तुमचं पोटात दुखतंय.”

तो ताटावरून उठला नाही, पण दुसरी भाकरीही घेतली नाही.

वर्षभरानं चित्रीकरण संपलं आणि तेजस्वी दीडशे तासांचं चित्रीकरण घेऊन स्टुडिओत आली. नृसिंह ते बघायला बसला तो खरं तर खोट शोधायला. कुठं खाद्याचं पोतं मुद्दाम समोर ठेवलंय, कुठं कंपनीची टोपी घातलेला माणूस हसतोय, हे हेरायला. आठवडाभर बघूनही काही सापडेना. उलट अंबूबाई त्याच्या मनात घर करायला लागली. बांगड्या काढून, कोपरापर्यंत तेल लावून म्हशीशी बोलत बोलत हात घालणारी ती बाई बघताना तो दोनदा माऊस धरायचं विसरला. असं आपल्या हातून कधी झालं नाही, हे मनात आलं की तो उठून बाहेर जाऊन चहा पिऊन यायचा.

सगळ्यात जबर प्रसंग एका मेलेल्या म्हशीचा होता. रात्रभर खटपट करूनही अंबूबाईला ती सोडवता आली नव्हती. पहाटे ती गोठ्याच्या उंबऱ्यावर हात धुवत बसते आणि मालकाला म्हणते, “गाभण म्हशीला शेवटच्या म्हैन्यात एवढा खुराक घालत्यात व्हय रं? पोटात रेडकू दांडगं झालं, वाट कुठनं गावायची त्याला?” मालक खाली मान घालून उभा. मागं भिंतीला पोती रचलेली. नृसिंह तेजस्वीला म्हणाला की हा प्रसंग म्हणजे तुझ्या चित्रपटाचं हाड आहे. ते त्यानं अगदी मनापासून म्हटलं होतं.

महिन्यानं कंपनीनं कच्चा चित्रपट बघितला आणि दोघांना ऑफिसात बोलावलं. विश्वजित नावाचा पस्तिशीचा अधिकारी होता. स्वतः शेतकऱ्याच्या घरातला, बोलायला सरळ. त्यानं चहा मागवला, चित्रपट आवडल्याचं सांगितलं आणि मग मुद्द्यावर आला. एवढी म्हैस काढा म्हणाला. आम्ही खुराक विकतो आणि आमच्याच चित्रपटात बाई म्हणतेय खुराकानं म्हैस मेली. वरची मंडळी ऐकायची नाहीत. एवढं केलंत तर गावोगावी पन्नास खेळ आम्ही लावून देतो.

नृसिंहनं आजूबाजूला बघितलं. समोर ऑफिस होतं, टेबल होतं, चहाचा कप होता, अट होती. इतकी वर्षं त्यानं रचलेलं सगळं हुबेहूब उभं राहिलं होतं, पण दुसऱ्या कुणासाठी. तेजस्वी टेबलाकडं बघत होती. तिला आता नाही म्हणायचं होतं. ती नाही म्हणाली असती तर उद्यापासून क्लबच्या पोरांनी तिला म्हटलं असतं, मॅडम, ते सांगा की. आणि ते खरं असतं.

विश्वजितनं त्याच्याकडं वळून विचारलं, “सर, तुम्ही जाणते आहात. तुम्हाला काय वाटतं?”

“संकलनाच्या दृष्टीनं बघाल तर,” नृसिंह म्हणाला, “तो प्रसंग थोडा लांबतोच. काढला तर चित्रपट घट्ट होईल.”

आपलाच आवाज त्याला परका वाटला. तेजस्वीनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, नुसता गोंधळ. गणितात आपलंच काही चुकलं असेल असं वाटणाऱ्या पोरीसारखा. तिनं विश्वजितकडं चार दिवस मागून घेतले.

परतीच्या वाटेवर रिक्षात ती एवढंच म्हणाली, “मागं तुम्ही हाड म्हणाला होतात, सर.” त्यानं पुन्हा पुन्हा बघितल्यावर मत बदलतं, वगैरे सांगितलं. त्या चार दिवसांत नृसिंहला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची किळसही येत होती. ती वाकली असती तर तो पुन्हा एकटा सरळ उभा राहिला असता. एवढंच त्याला हवं होतं. चित्रपटाचं काय होईल हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

तेजस्वी आजऱ्याला अंबूबाईकडं गेली. शब्द तिचे, तेव्हा तिलाच विचारावं म्हणून. कंपनीचं काय म्हणणं आहे ते सगळं तिनं सांगितलं. अंबूबाई तांदूळ निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, “खाद्य वंगाळ हाय असं म्या कुठं म्हटलं? घालायचं कवा आनि किती, ते कळाय पायजे, असं म्हटलं. ते खोटं हाय का? खोटं असंल तर काढ.”

चौथ्या दिवशी तेजस्वी एकटीच कंपनीत गेली. नृसिंहला तिनं बोलावलं नाही. तिथं तिनं सांगितलं की प्रसंग राहील. तुमचं नाव चित्रपटाला ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. विश्वजित वैतागला, पण तिचं म्हणणं त्यानं वर कळवलं. आठवड्यानं उत्तर आलं. दिलेला पैसा परत मागत नाही, पण सुरुवातीचं नाव काढा, शेवटी बारीक अक्षरांत आभार ठेवा, आणि पन्नास खेळांचं विसरा. विश्वजितनं फोनवर आपल्या वतीनं एक भर घातली. त्याच्या वडिलांनी चित्रपट बघितला होता आणि म्हातारी बरोबर बोलते म्हणाले होते.

म्हणजे पन्नास गावं गेली. अंबूबाईसारख्या बायका जिथं राहतात तिथं चित्रपट पोहोचणार नव्हता, आणि तेजस्वीला त्याचंच जास्त दुःख झालं. सुरुवातीचं नाव काढायला ती स्टुडिओत आली तेव्हा डोळे सुजलेले होते. नृसिंहनं संगणक लावला. नाव काढायला मिनिटही लागलं नाही. पण ती उठली नाही.

“एक विचारू, सर? त्या कारखान्यात तुम्हाला भीती नव्हती वाटली? मला तर आत जाताना वाटली. मनात तुमचीच गोष्ट घोळवत होते. स्वतःला म्हटलं, त्या दिवशी सर म्हणाले ते सोडून दे, तेव्हाचे सर आठव.”

नृसिंहनं खुर्ची वळवली. गप्प बसता आलं असतं. दोन वाक्यं जोडून आणखी रंगवताही आलं असतं, एवढी वर्षं तेच केलं होतं. पण ही मुलगी त्याच्या खोट्यावर पाय देऊन खऱ्यापर्यंत जाऊन पोचली होती, आणि तो अजून खालीच उभा होता.

“मला कुणी विचारलंच नव्हतं, तेजू,” तो म्हणाला. “मीच तीन ठिकाणी फाईल घेऊन गेलो होतो. कुणाचा फोन आला नाही. चहा वगैरे काही नव्हता.”

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं.

“आणि त्या दिवशी विश्वजितसमोर?”

“तू नाही म्हणू नयेस असं वाटलं मला. म्हणून तसं बोललो. प्रसंग लांबत नाही.”

ती पडद्यावरच्या थांबलेल्या चित्राकडं वळली. म्हणाली, “मग मी कुणाच्या जिवावर नाही म्हटलं?” ते त्याला विचारलेलं नव्हतं. तिनं हार्डडिस्क काढली, पिशवीत घातली आणि येते म्हणून निघून गेली. ‘सर’ म्हणाली नाही.

त्यानं घरी मीनाक्षीला सगळं सांगितलं. ती रागावेल, निदान टोमणा मारेल असं त्याला वाटलं होतं. तिनं विचारलं, त्या कारखान्यातली गोष्ट आजवर माझ्या माहेरीसुद्धा सांगितलीत, ती माझ्याच भावापासून सुरू झाली ना? तो हो म्हणाला. त्यालाही आता तुम्हीच सांगा, असं म्हणून ती वह्या तपासायला बसली. मेहुण्याला फोन करायला नृसिंहला तीन दिवस लागले. मेहुणा हसला आणि म्हणाला, मला तर तेव्हाच वाटलेलं.

चित्रपट कोल्हापुरात एका सभागृहात दाखवला. अंबूबाई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती, आणि मेलेली म्हैस पडद्यावर आली तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला. सभागृहात कुणी खोकलं नाही. शेवटी संकलक म्हणून नृसिंह पुजारीचं नाव आलं. तेजस्वीनं ते काढलं नव्हतं. व्यासपीठावर मात्र बोलावलं नाही, भाषणात आभारही मानले नाहीत. टाळ्या चालू असताना त्याच्या पोटात पुन्हा ती ओळखीची आग उठली. सगळं सांगून टाकल्यावर ती विझेल असं त्याला वाटलं होतं. ती तशीच होती.

नंतरच्या महिन्यात क्लबच्या एका पोरानं नेहमीसारखी ती गोष्ट मागितली. नृसिंह म्हणाला, ती माझी गोष्ट नाही, तेजस्वीला बोलवा. पोरांना तो विनय वाटला. मग त्याला सगळं फोडून सांगावं लागलं, आणि क्लबच्या पुढच्या बैठकीला खुर्च्या निम्म्या रिकाम्या होत्या. लग्नाची कामं चालूच होती.

दिवाळी उलटल्यावर पन्हाळ्यावरच्या एका लग्नाचं चित्रीकरण चालू असताना त्यानं मोबाइलवर बातमी वाचली. तेजस्वीच्या दुसऱ्या चित्रपटाला एका सूतगिरणीनं मदत दिली होती, आणि या वेळी करारातच लिहिलं होतं की कात्री दिग्दर्शकाच्या हातात राहील. त्यानं ती बातमी तीनदा वाचली. प्रत्येक वेळी कुठंतरी उणं शोधत. मग मंडपाच्या मागं जाऊन तिला फोन लावला. ती उचलेल असं त्याला वाटलं नव्हतं. तिनं उचलला.

त्यानं अभिनंदन केलं. तिनं थँक्यू म्हटलं. मग त्यानं विचारलं, संकलन कोण करतंय.

“पुण्याची इरावती म्हणून आहे एक.”

नृसिंहनं त्या मुलीचं काम बघितलं होतं. ते चांगलं होतं, त्याच्यापेक्षा चांगलं होतं, आणि हे कबूल करायला त्याला गड चढल्यासारखी धाप लागली.

“हातची सोडू नकोस तिला,” तो म्हणाला. “तिला थांबायचं कुठं ते कळतं.”

“बरं, सर,” तेजस्वी म्हणाली.

मंडपात अंतरपाट धरला होता. त्यानं फोन खिशात टाकला आणि कॅमेरा खांद्यावर घेतला.