सरकीच्या नाकावरची हळद

सरकीला मी मारलं.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं.

मागच्या वर्षी मी इथेच लिहिलं होतं, "काही लोकांना मुक्या जिवाची दया नसते." तुम्ही सगळ्यांनी खाली हात जोडले, माझ्या शेजारणीला नको नको ते बोललात. पोस्ट टाकली तेव्हा मला खरं माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी कळलं. तरी ती पोस्ट वर्षभर तशीच ठेवली. आज काढली.

सरकी म्हणजे आमची मांजर. पांढरी, अंगावर सरकीसारखे बारीक काळे ठिपके. दारव्ह्याच्या आमच्या घरी चार वर्षं होती.

माझ्या हातची पोळी बाईसाहेबांना चालायची नाही. शेजारच्या कमलताईंची भाकर चालायची. दिवसातून दोनदा कुंपणावरून उडी मारून तिकडे जेवायला.

मी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. धोतरा, कण्हेर, रुई, सगळ्या विषारी झाडांची चित्रं फळ्यावर काढली. सरकी घरी आली तेव्हा अंगणातली कण्हेर मी स्वतः उपटून टाकली होती आणि चार जणांना ते ऐकवलंही होतं.

मग माझं रिटायरमेंट झालं. शाल, नारळ, भाषणं आणि बुके.

सत्काराचे बुके आपल्याकडे कोणी लगेच टाकतं का? चांगले आठवडाभर हॉलमध्ये मांडून ठेवायचे, आल्या-गेल्याला दिसले पाहिजेत. मीही कळशीत पाणी घालून टीव्हीजवळ मांडले. त्यात मोठी पांढरी फुलं होती. नाव मला माहीत नव्हतं. विचारलंही नाही.

त्याच संध्याकाळी बायका ओवाळायला आल्या. हळदीकुंकू झालं. सरकी फुलांत जाऊन बसली होती, नाकावर आणि छातीवर पिवळं-भगवं काहीतरी लागलेलं.

माझी बहीण म्हणाली, "पाय वं, सरकीले हळद लागली. लगन काढलं काय तिचं?"

सगळ्या हसल्या. मी फोटो काढून इथे टाकला, "सरकीचाही सत्कार." तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी लाईक केलाय तो.

कमलताई तिथेच होत्या. म्हणाल्या, "मॅडम, पुसून टाका तिचं तोंड. चाटून राह्यली ते."

"हळद हाये, कमलताई. हळदीनं काय होते?"

शिकवायची सवय. ती काही रिटायर झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकीला उलट्या सुरू झाल्या. दुपारी पलंगाखाली जाऊन बसली, ती बाहेरच येईना.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. आदल्या आठवडी बाजारात कमलताईंनी उंदराचं औषध घेतलेलं मी पाहिलं होतं.

मी कुंपणाजवळ जाऊन ओरडले, "काय चारलं तुमी माह्या सरकीले?" सगळी गल्ली बाहेर आली.

त्या आत गेल्या आणि पुडी घेऊन आल्या. "हे पाहा मॅडम. फोडलीच नाई मी अजून."

मी पाहिलं नाही. मान फिरवून घरात आले आणि ती पोस्ट लिहिली.

मग सरकीला यवतमाळला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, घरात नवीन झाड, फुलं काही आणलंत का?

"नाही सर. उंदराचं औषध खाल्लंय. माझी खात्री आहे."

वर्गात बोलायचे त्या आवाजात सांगितलं. उपचार त्याच दिशेने सुरू झाले. दुसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला, तोवर दोन्ही किडन्या गेल्या होत्या.

मी रडत होते. ती किती गोड होती ते दाखवायला मी डॉक्टरांपुढे तोच फोटो धरला. त्यांनी मोबाईल हातात घेतला, झूम केलं.

"नाकावर काय आहे हे?"

"हळद."

"आणि मागे ही फुलं?"

लिली होती ती. ती हळद नव्हती, लिलीचे परागकण होते.

लिलीचं पान, पाकळी, पराग, अगदी ती ज्यात ठेवली ते पाणीसुद्धा मांजराला विष आहे. अंगावर पडलेलं चाटून साफ केलं तरी पुरतं. घरी मांजर असेल तर हे फूल उंबऱ्याच्या आत आणू नका. आणि डॉक्टरांना आपली खात्री सांगू नका, जे घडलं ते सांगा.

"काल कळलं असतं तर प्रयत्न करता आला असता," डॉक्टर म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

परागकणांचा धडा मी दरवर्षी शिकवत होते.

चौथ्या दिवशी सरकी गेली.

लोकांना मी "किडनी फेल झाली" एवढंच सांगितलं. कमलताईंकडे जायचं रोज ठरवायचे. आधी म्हटलं, चार दिवस जाऊ दे. मग वाटलं, आता इतके दिवस झाले, कोणत्या तोंडाने जाऊ? गल्लीत भाजीवाला आला की त्या भाजी घेऊन आत जाईपर्यंत मी दाराआड थांबायचे. लाज वाटते सांगायला, पण वर्षभर हेच केलं.

आज सकाळी गेले. त्या ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"म्हंजे माह्यानं नाई मेली ते?"

मला क्षणभर कळेचना.

"पुडी बंद होती, मले माईत होतं. पण तुमी म्हटलं तं मले वाटलं, कुठं तरी सांडलं असंन. तुमी शिकलेल्या बाई, तुमी थोडीच खोटं बोलसान. सालभर मले वाटून राह्यलं, माह्या भाकरीच्या भरोशानं येत होती, अन् म्याच मारली तिले."

पदरात तोंड घालून खूप रडल्या. मग उठल्या.

"मले आधी सांगा लागत होतं, मॅडम."

एवढंच बोलल्या आणि दार लोटून आत गेल्या.

सरकी, तुला भावपूर्ण श्रद्धांजली म्हणायला माझं तोंड नाही. माफ कर बाई.