आबांची कुजबुज

माझ्या वडिलांनी, आबांनी, गोडादऱ्यातल्या कापड कारखान्यात तीस वर्षं लूम चालवले. त्या खडखडाटात शेजारच्याला काही सांगायचं तर कानात ओरडावं लागतं. त्यामुळे आमच्या गल्लीतल्या पुरुषांची कुजबुजसुद्धा चौकापर्यंत जाते. झाकली मूठ वगैरे आमच्याकडे चालत नाही.

हे ठाऊक असून मी त्यांना व्याख्यानाला नेलं. चूक माझीच.

मी एका छोट्या मराठी साप्ताहिकात बातमीदार आहे. व्याख्यान आमच्याच साप्ताहिकाने ठेवलं होतं, विषय ‘सत्ता आणि माध्यमं’, आणि बोलणार होत्या पुण्याच्या एक शोधपत्रकार. त्याआधी महिनाभर माझ्या मनात एक बातमी सलत होती. आमच्या नळाला डाइंग मिलचं रंगीत पाणी यायचं. या आठवड्यात बाजारात कुठल्या रंगाच्या साड्या जाणार, ते गल्लीला आधी नळावरून कळायचं. मी सगळं लिहून दिलं. संपादक म्हणाले, जागा नाही. त्याच अंकात मिलमालकाची पानभर जाहिरात होती. नोकरी जाईल म्हणून मी गप्प बसले आणि फक्त आबांना सांगितलं.

व्यासपीठावर संपादक आणि मिलमालक शाली पांघरून शेजारी शेजारी बसले होते. सत्कारच पाऊण तास चालले. मग बाई बोलायला उठल्या आणि मी सगळं विसरून ऐकत राहिले, इतकं सरळ बोलत होत्या. “छापलेलं तुम्ही वाचताच,” त्या म्हणाल्या, “पण काय छापायचं नाही ते कोण ठरवतं, हेही विचारत जा.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, संपादकांनीही. टाळ्या थांबल्या आणि आबा संपादकांकडे बघत माझ्या कानाशी वाकले.

“हाऊच का तुना साहेब? पानीनी बातमी यानीच दाबी ना?”

सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. मला खुर्चीखाली शिरावंसं वाटलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून आबांच्या लूमवरच्या जुन्या सोबत्याने तशीच कुजबुज केली, “ती गुलाबी पानीनी?”

बाई मनापासून हसल्या आणि संपादकांकडे वळल्या. “कसली बातमी हो?”

संपादकांनी शाल सावरली. “जागेअभावी राहिली. पुढच्या अंकात घेतोय.”

“पहिल्या पानावर?”

“हो, हो,” संपादक म्हणाले. मिलमालक बाटलीतलं पाणी पीत होते.

घरी जाताना मी आबांवर चिडले. “माझी नोकरी गेली असती ना.”

“मी तं हळूच बोलनू,” आबा म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

नोकरी राहिली. संपादक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, एवढंच. बातमी पहिल्या पानावर आली, माझ्या नावासकट. त्या सकाळी आबा चष्मा लावून ओट्यावर बसले आणि आईपुरती, अगदी हळू आवाजात, त्यांनी ती वाचून दाखवली. गल्लीत कुणालाच अंक विकत घ्यावा लागला नाही.