माज

आमची म्हातारी घोडी आळंद भागातल्या लग्नांत नवरदेवाला मारुतीच्या दर्शनाला नेते. निघताना करवली तिला ताटातली भिजवलेली हरभऱ्याची डाळ चारते, ती तेवढी चाटूनपुसून खाते. घरी मात्र कडबा चघळून ओले बोळे दावणीत टाकायची.

"माज आलाय हिला," अप्पा म्हणाले. "लग्नातली डाळ बरी खायलीय, मग घरचा कडबा कामून टाकायलीय?" त्यांनी तिचा भरडाही बंद केला. बरगड्या दिसायला लागल्या, पण त्या झाकायला वर जरीची झूल होतीच.

खजुरीच्या वरातीत ती डीजेपुढं गुडघ्यावर आली. अप्पांनी लगाम हिसडून तिला उठवलं आणि नवरदेवाला पुन्हा वर बसवलं. घरी आल्यावर मी तिच्या तोंडात हात घातला. दाढा पार झिजल्या होत्या, दोन तर पडल्याच होत्या.

अप्पा जेवत होते, त्यांना सांगितलं.

"नाटकं हैत तिची," ते म्हणाले.

त्यांच्या स्वतःच्या तोंडात एकही दात नाही. त्यांची भाकर रोज मीच दुधात कुस्करून देते. मी त्यांच्या पुढचं ताट उचललं, घोडीपुढं ठेवलं आणि त्यांना सकाळची कडक भाकर वाढली. त्यांनी एक तुकडा बराच वेळ चघळला आणि ओला बोळा काढून जमिनीवर ठेवला.

"अप्पा," मी म्हणाले, "माज आलाय तुम्हाला."