आगाऊ सावड

एकनाथ बांबळे कुठलाही पुडा फोडण्याआधी तो उलटा करत. बिस्किटांचा असो, चहापत्तीचा असो की साबणाचा, मागची बारीक अक्षरं डोळ्यांजवळ नेऊन ते मोठ्यानं वाचत, ‘सर्व करांसहित’, आणि मगच पुडा फुटे. पुढे पुढे ती त्यांची बोलायची लकबच झाली. काय बांबळे, कसं काय, असं विचारलं की म्हणत, “बराय ताई. सर्व करांसहित.”

नगरला सावेडीत आमच्याच इमारतीत ते बायको सुनंदा आणि मुलगी यांच्याबरोबर भाड्यानं राहत. एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळत होते, तिथंच ते मशीन सेटर होते. कंपनीच्या बसमध्ये ते माझ्या मागच्या सीटवर बसायचे आणि सगळा रस्ताभर सरकारशी भांडायचे. सरकार अर्थातच बसमध्ये नसायचं, त्यामुळे ते सगळं मला ऐकावं लागे. पगार हातात येण्याआधी कर कापलेला, उरलेल्यातून शाळेची फी, क्लास, उन्हाळ्यात पाण्याचा टँकर, आणि दर वर्षी वाढणारं भाडं. हौसेनं घेतलेली जुनी गाडी पेट्रोलच्या धास्तीनं झाकून ठेवलेली. “गाडी घेतली तवा रस्त्याचा कर भरला,” ते म्हणत. “आता त्याच रस्त्यानं आईला भेटाया निघालो की टोल. रस्ता माझा हाय का न्हाई, येवढंच मला सांगा.”

त्यांच्या हाताला मात्र तोड नव्हती, आणि जर्मनीतल्या एका कारखान्याकडून बोलावणं आलं तेव्हा आमच्यापैकी कोणालाच नवल वाटलं नाही. ते सावेडीतच संध्याकाळच्या जर्मनच्या वर्गाला जाऊ लागले. बसमध्ये सरकारऐवजी आता जर्मन शब्द ऐकू यायला लागले, तो माझ्या कानांना मोठाच आराम होता. मी एकदा डिवचलं, की तिथं म्हणे कर इथल्याहून जास्त कापतात. ते शांतपणे म्हणाले, “कापू द्या की. पन तिथं पोरीची शाळा त्या करातच हाय. इथं कर बी भरायचा आन् शाळा बी इकत घ्यायची, पानी बी इकत घ्यायचं.”

अडचण होती ती आईची. ती नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्यात, पश्चिमेला राजूरवरून जीपनं जावं लागतं अशा डोंगरातल्या गावात एकटी राहायची. तिला एकदा सावेडीला आणली होती. लिफ्टमध्ये चढायला घाबरायची आणि जिन्यानं गुडघे दुखायचे, त्यामुळे ती घरातच बसून राहिली आणि आठवडाभरात परत गेली. तिची भाताची खाचरं होती आणि ती लावायची तर सावड लागे. सावड म्हणजे आज तुमच्या घरचा माणूस माझ्या खाचरात, उद्या माझ्या घरचा तुमच्या. भाताची रोपं लावायचे दिवस सगळ्यांचे एकच, त्यामुळे पैसे मोजूनही मजूर मिळत नाही. ज्या घरातून माणूस जात नाही, त्या घरी माणूस येत नाही. म्हातारीला आता दुसऱ्यांच्या चिखलात वाकणं जमत नव्हतं, म्हणून दर जुलैला बांबळे रजा टाकून जात आणि घरोघरची सावड भरून येत. ते जर्मनीला गेले की आईची खाचरं पडीक पडणार, हे उघड होतं. आणि खाचरं पडीक पडली असती तर ती म्हातारी जगली नसती, हे त्यांनी मला सांगायची गरज नव्हती.

मग एका सकाळी बसमध्ये खुलून म्हणाले, की तोड सापडली. “कंपन्या ॲडव्हान्स टॅक्स भरत्यात ना, तशी मी आगाऊ सावड भरतो. औंदा सगळ्यांकडं दुप्पट-तिप्पट राबतो. म्हंजे पुढची काही सालं त्येच आईकडं येत ऱ्हातील.” मला ही युक्ती फारच पटली. मी स्टोअरच्या हिशेबातली, ते मशीनच्या मापातले, दुसरं काय होणार!

त्या जुलैत त्यांनी होती नव्हती ती सगळी रजा घेतली. रजा संपत आली तेव्हा सुनंदा मलाही गाव बघायला घेऊन गेली. बांबळ्यांना मी ओळखलंच नाही. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, पाठ सरळ होत नव्हती, पण चेहरा मात्र फी भरून झालेल्या बापासारखा निश्चिंत. आईची लावणी केव्हाच उरकली होती. आता जाऊन बॅगा भरायच्या, असं ते माझ्या कानाशी येऊन बोलले, कारण आईला अजून काहीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच अंगणात माणसं जमायला लागली. बांबळे ज्यांच्याकडे राबले होते त्या प्रत्येक घरातून कुणी ना कुणी आलं. लावणी संपली होती, तर त्यांनी दुसरी कामं काढली. कोणी खाचराचा फुटका बांध रचायला घेतला, कोणी छपरावर चढलं, बाया गोठ्याच्या भिंती लिंपायला बसल्या. बांबळे एकाकडून दुसऱ्याकडे पळत होते आणि राहू द्या, पुढच्या वर्षी या, असं विनवत होते. शेवटी त्यांचा चुलतभाऊ हिरामण बांधावरूनच म्हणाला, “सावड वर्सावर ठिवत न्हाईत, एकनाथ. मानसाचा काय भरवसा? आमच्या डोक्यावर वझं ठिवून जाऊ नको.” दिवस मावळेपर्यंत सगळी फिटंफाट झाली. इतक्या मायेनं कोणाची वाट बंद केलेली मी पाहिली नव्हती.

सगळे गेल्यावर म्हातारी चुलीपुढून म्हणाली, “कवा जानार?”

“उद्याच्या गाडीनं. नगरला.”

“त्ये न्हाई इचारलं. आगाऊ सावड कोन देतो? ज्याला माघारी यायचं नसतं त्यो.”

बांबळ्यांनी वाकून चुलीत एक लाकूड सारलं. परतीच्या एसटीत सुनंदा बोलली, तेही माझ्याकडे बघून, म्हणजे नवऱ्याला ऐकू जावं म्हणून. चार काड्या भातापायी आम्ही इथंच कुजायचं का, असं तिचं म्हणणं होतं. घरभाडं पुन्हा वाढलं होतं आणि मुलीची फीसुद्धा. तिचं काही चुकत नव्हतं. नगरला येऊन बांबळ्यांनी जर्मनीच्या नोकरीचं बघणाऱ्या एजंटला फोन केला आणि भाताची कापणी होईपर्यंत मुदत मागून घेतली.

कापणीलाच म्हातारी गेली. भात पिकून उभं, आणि एक दिवस ती सकाळी उठलीच नाही. बांबळे सुतकात, दारात पांढऱ्या टोपीत बसलेले. गावानं आपापलं पीक तसंच टाकलं आणि आधी त्यांचं कापलं, झोडलं, पोती उचलून घरात रचली. त्यांनी कोणाला एका शब्दानं बोलावलं नव्हतं.

नंतर एजंटचा फोन आला. जागा अजून होती. सुनंदानं कपाटावरची मोठी बॅग खाली काढून पुसली. आता अडवायला कोणी नाही, असं मलाही वाटलं, आणि खरं सांगायचं तर म्हातारीच्या जाण्यानं एका घराची सुटका झाली असंही मनात आलं. पण आठवडे गेले, आणि बॅग दिवाणाशेजारी तशीच रिकामी उभी राहिली. मग ती जागा दुसऱ्या कोणालातरी गेली.

या उन्हाळ्यात मी निवृत्त झाले आणि मुलाकडे नाशिकला राहायला आले. सामान भरायच्या दिवशी बांबळे आपणहून खाली आले. ते कपाटाला खांदा देत असताना मी त्यांना विचारलंच, की आता कशासाठी थांबलात.

“आईच्या वक्ताला अख्खं गाव राबलं, ताई. प्रत्येक घराची सावड हाय माझ्यावर. औंदा जुलैत जातो, पुढल्या साली जातो, तवा कुठं फिटंल.”

मी म्हटलं, ते लोक तुमच्याकडे कशाला मागतील? पोरीचं भलं होतंय म्हटल्यावर आनंदानं सोडून देतील.

बांबळ्यांनी कपाट खाली ठेवलं. “त्येचंच भ्याव हाय,” ते म्हणाले. “त्येंनी सोडून दिली की मी त्या गावचा पावना झालो. तिथं न्हाई तर मग मी कुठला? हितला? हितं तर भाडं थकलं की दुसऱ्या दिशी दारावर ‘भाड्यानं देणे’ची पाटी लागंल.”

मला त्यांचा राग आला. सुनंदा वरच्या गॅलरीतून बघत होती, तिच्यासाठी तर फारच आला. ते सुटत नव्हते आणि तिलाही सुटू देत नव्हते. पण टेम्पोत बसल्यावर त्या रागाखाली दुसरंच काहीतरी हाताला लागलं, आणि तो हेवा होता. इतकी वर्षं मी त्या इमारतीत काढली. माझं सामान दुपारच्या आत भरून झालं होतं आणि मला अडवणारं तिथं काहीच नव्हतं.