रबर आलं का?

माझ्या धाकट्या भावाला जाऊन वर्ष होत आलं. त्याची जुनी गाडी कळसच्या वस्तीवर पत्र्याच्या शेडमध्ये असते. आता ती त्याची लेक चालवते. बारामतीला एका दवाखान्यात ती कामाला आहे. उन्हाळ्यात एकदा तिचा फोन आला.

“तात्या, गाडीचं ऑइल बदलायचं हाय, पण फिल्टरच निघंना. इंदापूरच्या गॅरेजवाल्यानं हात जोडलं. म्हणला, ज्यानं बसवलाय त्यालाच बोलवा.”

एवढं बोलून ती थांबली. बसवणारा तिचा बाप होता.

“येतो,” मी म्हणालो.

मी गॅरेज बंद करून बरीच वर्षं झाली. गुडघे वाकत नाहीत, बोटांत जोर राहिला नाही. तरी गेलो, कारण त्या गाडीखाली भावाच्या हातचं शेवटचं काम होतं, आणि त्याच्या हाताबद्दल मी एकदा सगळ्या भवानीनगरासमोर खोटं बोललो होतो. तो जिवंत असेपर्यंत ते मागे घ्यायला माझी जीभ रेटली नाही. आता जे सांगायचं ते त्याच्या बायकोला आणि लेकीला सांगायचं होतं.

शेडमध्ये पोतं अंथरून मी गाडीखाली सरकलो. ऑइल फिल्टर म्हणजे तांब्याएवढा पत्र्याचा डबा. त्याच्या तोंडाशी रबराची कडी असते. डबा इंजिनच्या आट्यांवर फिरवत न्यायचा, रबर टेकलं की हातानंच आणखी पाऊण फेरा द्यायचा. बसवताना पाना लावायचा नाही. हे मीच भावाला शिकवलं होतं. बॅटरीच्या उजेडात बघितलं तर डब्याच्या अंगावर पाईप पान्याच्या दातांचे खोल व्रण होते, जुने, तेलकट धुळीनं भरलेले.

“पान्यानं आवळलाय ह्यो,” मी खालूनच म्हणालो.

“आप्पा दर बारीला तसंच आवळायचं,” लेक म्हणाली. “मग काढताना सगळ्या वस्तीला शिव्या ऐकू जायच्या. मी म्हणायची, आप्पा, हातानं लावायचा असतोय, मोबाईलवर दाखवत्यात की. तर म्हणायचं, लोकांचा हात लोकांजवळ. माझा हात ढिला हाय, पोरी.”

मी हातातली बॅटरी विझवली आणि तसाच पडून राहिलो.

आमचे वडील मेंढरं घेऊन फिरायचे. आम्ही दोघांनी ते सोडलं आणि भवानीनगरला, कारखान्याच्या रस्त्यावर पत्र्याचं गॅरेज टाकलं. मी थोरला, इंजिन मी उघडायचो, तो हाताखाली. पण काही वर्षांतच त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला झाला. चालू इंजिनवर तळवा ठेवून तो बिघाड सांगायचा. आधी गिऱ्हाइकं म्हणायची, थोरला नसंल तर धाकटाबी चालंल. पुढं पुढं दारातूनच विचारायला लागली, “धाकटा हाय का?” मी हसून “हाय की” म्हणायचो. मला ते सलत होतं, हे तेव्हा मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं.

जुना फिल्टर काढला की कधी कधी त्याची रबरी कडी इंजिनलाच चिकटून राहते. ती तशीच ठेवून वर नवा चढवला तर दोन रबरं एकावर एक येतात. गाडी उभी असताना काही कळत नाही, पण रस्त्यावर इंजिनला जोर आला की रबर सरकतं आणि सगळं ऑइल बाहेर पडतं. म्हणून आमच्या गॅरेजात एक रीत होती. जुना काढणाऱ्यानं रबर बघायचं आणि नवा बसवणाऱ्यानं विचारायचं, “रबर आलं का?” “आलं” असं उत्तर मिळाल्याशिवाय नवा चढवायचा नाही.

त्या दिवशी खंडेनवमी होती. कारखान्यातल्या एका साहेबांची पांढरी व्हॅन आमच्याकडे होती. आदल्या संध्याकाळी तिचं ऑइल काढलं, पण फिल्टर शिल्लक नव्हता. तो सकाळी बारामतीहून आला. तोवर धाकट्यानं सगळी हत्यारं रॉकेलनं धुऊन घोंगडीवर मांडली होती. पाने, हातोड्या, जॅक, उजेडाची हातबत्ती आणि त्यांच्या मधोमध वडिलांची लोकर कातरायची कातर. हळदकुंकू झालं, झेंडू वाहिले. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही.

तेवढ्यात साहेब आले. पोरांना कपडे घ्यायला बारामतीला जायचं होतं, घरची मंडळी तयार होऊन बसली होती.

“आज गाडी राहू द्या साहेब,” धाकटा म्हणाला. “हत्यारं बसल्यात.”

“फिल्टरला हत्यार कशाला लागतंय?” मी म्हणालो. “हाताचं तर काम हाय.”

मी वाकून जुना फिल्टर हातानंच काढला, भंगाराच्या टोपलीत टाकला आणि हात पुसून साहेबांना पेढा द्यायला वळलो. धाकटा नवा फिल्टर घेऊन खाली गेला.

“दादा, रबर आलं का? हितं अंधार हाय, बत्ती पूजेत हाय.”

“आलं, आलं. बसव.”

“बघितलंस नव्हं?”

“आता स्टँपावर लिहून देऊ का? बसव म्हणतोय ना!”

साहेब हसले. मीही हसलो. मी बघितलं नव्हतं. टोपली दोन हातांवर होती, वाकून बघायला कितीसा वेळ लागला असता? त्यानं बोट फिरवून चाचपलं असतं तरी त्याला कळलं असतं. पण थोरल्या भावानं “आलं” म्हटल्यावर पुन्हा चाचपून बघणं म्हणजे थोरल्याला खोटं ठरवणं. आमच्या घरात ते चालत नव्हतं. त्यानं फिल्टर बसवला, नवं ऑइल भरलं आणि साहेब गाडी घेऊन गेले.

व्हॅन काटेवाडीच्या पुढं बंद पडली. रस्त्यावर ऑइलचा पट्टा पडला होता आणि इंजिन जाम झालं होतं. दुपारनंतर ट्रॅक्टरला बांधून ती गॅरेजवर आली. धाकटा तेव्हा नैवेद्यासाठी कळसला घरी गेला होता. मी एकटाच वाकलो, फिल्टर फिरवून खाली घेतला, आणि माझ्या हातात दोन रबरं आली. एक नवं, एक जुनं, चपटं झालेलं. मागून साहेबांचा आवाज आला. ते चिडले होते, त्यांच्यामागं चहाच्या टपरीवरची माणसंही जमली होती.

“काय झालं? कुणाची चूक?”

मी जुनं रबर मुठीत घेतलं.

“फिल्टर ढिला राहिला, साहेब. धाकट्यानं नुसता हातानं आवळला. पाना पूजेत होता ना.”

सगळ्यांना ते पटलं. पटण्यासारखंच होतं. संध्याकाळी घरी जाताना ते रबर मी कालव्यात टाकलं.

दुसऱ्या दिवशी धाकटा आला. त्याला वाटेतच सगळं कळलं होतं.

“दादा, पाऊण फेरा दिला व्हता म्या.”

“अर्धाच बसला असंल.”

“न्हाय रं. पाऊण दिला व्हता.”

“मग तुझा हात ढिला पडला असंल,” मी म्हणालो.

तो स्वतःच्या तळव्याकडं बघत उभा राहिला. माझ्यावर त्याला संशयसुद्धा आला नाही. आला असता तर बरं झालं असतं.

साहेबांचं इंजिन आम्ही पुन्हा बांधून दिलं. पण बोलणं मागं राहिलं. तो टपरीवर गेला की कुणीतरी ओरडायचं, “अरं किटलीचं झाकण धरा, ढिल्या हाताचा आला!” सुरुवातीला तोही हसायचा. एकदोनदा मीही त्या हसण्यात होतो. पुढं तो प्रत्येक बोल्ट पान्यानं दोनदोनदा आवळायला लागला. बोल्ट तुटायचे, आटे जायचे. ज्याच्या हातात सगळं कळायचं, त्याला त्या हाताचा भरवसा राहिला नाही, आणि त्याची कामं खरोखरच बिघडायला लागली. एक दिवस त्यानं अंगावरची खाकी खुंटीला लावली.

“दादा, मी दुधाच्या टँकरवर जातो. गाडी नुसती चालवायची आसंल तर जमंल मला.”

मी त्याला अडवलं नाही.

हे सगळं गाडीखाली पडल्या पडल्या आठवत होतं. शेवटी बॅटरी पेटवली आणि कामाला लागलो. चेनचा पाना लावला तर डबा चेपला, पण हलला नाही. मग पेचकस आरपार ठोकून फिरवायला गेलो. पत्रा कागदासारखा फाटला. डबा तुकड्या-तुकड्यानं हातात आला, इंजिनला नुसती डब्याच्या तोंडाची जाड चकती राहिली. इतका जीव खाऊन आवळला होता त्यानं. मग छिन्नीनं चकतीच्या काठावर हलके हलके घाव घालत बसलो. खांदा भरून यायचा, थांबायचो, पुन्हा घालायचो. लेक वाकून बॅटरी धरून होती. केव्हातरी चकती केसभर सरकली. मग बोटांनीच फिरली, काळं ऑइल माझ्या कोपरापर्यंत आलं. चकती उलटी करून बघितली. रबर तिच्यासोबतच आलं होतं. तरी मी इंजिनच्या बैठकीवरून, जिथं रबर टेकतं तिथून, बोट फिरवलं. स्वच्छ होती.

बाहेर येऊन बसलो आणि म्हणालो, “पोरी, तुझ्या बापाचा हात ढिला नव्हता.”

आणि सगळं सांगितलं. पूजा, पेढा, मुठीतलं रबर, कालवा. ती ऐकत राहिली. मध्ये एकदा तिनं बॅटरी बंद केली, तेवढंच.

“आईला सांगा,” ती म्हणाली. “मी न्हाय सांगणार.”

भावजय ओसरीवर शेंगा फोडत होती. मला बघून तिनं नेहमीसारखा पदर पुढं घेतला. मी उभ्यानंच बोललो. शेंगा फोडायचा आवाज थांबला.

ती खाली बघूनच बोलली. “लेक तान्ही हुती तवा विहिरीकडं जाताना कधी तिला घेतली न्हाय त्यांनी. म्हणायचं, तू घे, माझ्या हातातनं सुटंल. मला वाटायचं, पोरगी झाली म्हणून माया न्हाय. लई बोलली मी त्यांस्नी त्यावरनं. लई टोचून बोलली.”

ती सूप उचलून आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही. त्या घरातून मी कधी चहा घेतल्याशिवाय निघालो नव्हतो. त्या दिवशी चहा आला नाही, आणि तो यावा असं म्हणायला मला तोंडही नव्हतं.

शेडमध्ये लेक नवा फिल्टर हातात घेऊन बसली होती.

“मी लावते,” ती म्हणाली. “तुमी फक्त सांगा.”

“आधी बैठकीवरनं बोट फिरव. रबर राहिलंय का बघ.”

“तुमी आत्ताच बघितलं की.”

“माझ्या शब्दावर जाऊ नको,” मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं, मग खाली सरकून बराच वेळ बोट फिरवत राहिली. नव्या रबराला ऑइल लावलं, डबा चढवला. रबर टेकल्यावर पाऊण फेरा दिला, हातानं. पाईप पाना भिंतीला टेकवलेला होता. त्याला ती शिवली नाही. ऑइल भरून गाडी चालू केली. खाली पुठ्ठा टाकला होता, तो कोरडा राहिला.

पुढच्या आठवड्यात मी काटेवाडीला त्या साहेबांकडं गेलो. निवृत्त होऊन ते लेकाकडं राहतात. थकलेत, ऐकायला कमी येतं. मी त्या व्हॅनचा विषय काढला.

“कुठली व्हॅन?” ते म्हणाले.

मी सांगत गेलो. खंडेनवमी, पेढा, ट्रॅक्टर. त्यांना काही आठवेना. त्यानंतर त्यांच्या बऱ्याच गाड्या झाल्या होत्या. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला.

“हां, तुमचा धाकटा भाऊ! त्याचा हात ढिला होता, नाही का?”

मी मोठ्यानं, त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं की नव्हता. रबर मी बघितलं नव्हतं आणि त्यांच्याशी खोटं बोललो होतो. त्यांनी मान हलवली. “असेल, असेल. बरा आहे ना तो?”

ती व्हॅन गेली, गॅरेज गेलं, भाऊ गेला. तेवढं एक बोलणं लोकांजवळ राहिलं आहे, आणि ते माझं आहे. टपरीवर हसणारी जी दोनचार माणसं अजून आहेत त्यांच्याकडंही जाऊन आलो. कुणी ऐकून घेतलं, कुणी म्हणालं, आता काय त्याचं. म्हणून हे लिहून ठेवतो आहे. त्या दिवशी अंधारात माझ्या भावानं विचारलं होतं, रबर आलं का. एकदा नाही, दोनदा विचारलं होतं. त्यानं पाऊण फेराच दिला होता.